वळकट्यांना सलाम

परवा विश्रामबागेतल्या एका महिला मंडळाच्या दोघीजणी घरी आल्या. हातात छापील पत्रिका. व्याख्यानाचा विषय, बालसंगोपनात आईची भूमिका : मानसशास्त्र आणि इस्लाम. "बाई, जन्मभर तुम्ही शाळेत शिकवलंत, त्यातून तुम्ही मुस्लिम. तुमच्याइतकं यावर कोण बोलणार?" असं म्हणत त्यांनी चहा घेतला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि गेल्या. मी पत्रिका पुन्हा वाचली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बिचाऱ्यांचा काही दोष नाही. पण या विषयावरचा परिसंवाद मी फार पूर्वीच ऐकलेला आहे. दहा वर्षांची होते. आमच्याच अंगणात भरला होता. मानसशास्त्र खुर्चीवर बसलं होतं, इस्लाम सतरंजीवर बसला होता, आणि आई गोणपाटाच्या पडद्यामागं उभी होती.

आम्ही पिंजारी. कापूस पिंजायचा आणि गाद्या भरायच्या, हा पिढीजात धंदा. सांगलीत नदीकडच्या बोळात आमच्या दोन खोल्या होत्या, पुढं छोटं अंगण, आणि अंगणात अब्बांची पिंजायची लांब कमान टांगलेली. लढाई लागली तेव्हा साताऱ्याकडच्या गावागावांतून पोरं फौजेत भरती होत होती. अब्बाही गेले. तिथं मोटार हाकायला शिकले, दोनदा रजेवर आले, आणि लढाई संपता संपता ब्रह्मदेशाच्या बाजूला वारले. खबर इंग्रजी कागदावर आली. बोळात कुणाला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून शाळेच्या मास्तरांना बोलावलं. त्यांनी उंबऱ्यात उभं राहून कागद वाचला, मराठीत सांगितलं आणि चष्मा पुसला. त्या दिवसापासून ते आमच्या घरचे सल्लागार झाले. कुणी केलं नाही, ते आपले झाले.

घरात अम्मा, मी आणि धाकटा भाऊ. अब्बा फौजेत गेल्यापासून गाद्या अम्माच भरत होती. कापूस बाहेरून पिंजून आणायची, खोळी शिवायची, आणि लांब दाभणानं टाके घालत बसायची. टाके घालता घालता आम्हाला शिकवायची. खाली पडलेली भाकरी उचलून डोळ्यांना लावायची. पेरू खायचा तर शेजारच्या पोराला फोड देऊन खायचा, नाहीतर घरात लपून खायचा, पण त्याच्यासमोर एकट्यानं खायचा नाही. मोठी माणसं बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही. आणि सगळ्यांत वर एक कायदा होता, "आदी सलाम, मग कलाम." म्हणजे आधी सलाम करायचा, बोलणं नंतर. घरात आम्ही आमची मोडकीतोडकी दखनी बोलायचो, पण अम्मा रागावली की सांगलीच्या मराठीवर यायची, त्यामुळे तिचे सगळे कायदे मला मराठीतच आठवतात. ती काही देवमाणूस नव्हती. सलाम विसरला की पंख्याच्या दांड्यानं पोटरीवर द्यायची. फटके मी जास्त खाल्ले, कारण मी जास्त विसरायचे.

अब्बांची खबर आल्यावर धाकटा अम्माला चिकटला. शाळेत जाताना तिचा पदर सोडेना, वर्गात रडायचा, रात्री अंथरूण ओलं करायचा. बाप मेलेलं पोर दुसरं काय करणार? पण मास्तर ट्रेनिंग कॉलेजात मानसशास्त्राचं पुस्तक वाचून आले होते. तेवढं एकच वाचलं असावं. ते अंगणातून पडद्याकडं तोंड करून अम्माला सांगायचे, "हे अतिलाडाचं लक्षण आहे. मुलाच्या प्रत्येक दोषाचं मूळ आईत असतं, हे शास्त्रानं सिद्ध झालंय." अम्मा आतून "जी" म्हणायची. मास्तर गेले की मला विचारायची, "सासतर मंजे कोन गं? त्याला पोरं किती?"

मी तेव्हा हसले होते. आज हसू येत नाही.

दुसरीकडं आमचे काझीसाब. मशिदीत वाज करायचे, म्हणजे प्रवचन द्यायचे, तेव्हा बायकांना मागच्या भिंतीआड बसू देत. त्यांचा आवाज फार गोड. आईच्या पायाखाली जन्नत आहे, आईची मांडी हा पोराचा पहिला मदरसा आहे, असं सांगताना त्यांचा गळा भरून यायचा. भिंतीआड बायका पदर डोळ्यांना लावायच्या. अम्मासुद्धा. घरी येऊन ती आपल्या भेगाळलेल्या टाचांना तेल लावायची आणि धाकट्याला म्हणायची, "बग रं, हितं तुजी जन्नत हाय. जरा चोळून दे." धाकटा खरोखर चोळून द्यायचा.

अब्बांची खबर आल्यापासून मात्र तिचं वाजला जाणं बंद होतं, इद्दतीचे दिवस चालू होते. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईनं घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. त्या दिवसांतच औंधहून बडे अब्बा आले. बडे अब्बा म्हणजे अब्बांचे थोरले भाऊ. औंधला यमाईच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गाद्यांचं दुकान होतं. तीन मुली, मुलगा नाही. पहिले दोन दिवस ते रडले, खरोखर रडले. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, "पोराला मी न्हेतो. बाईमानसाच्या पदराआड वाढलं तर बायकीच व्हईल. तितं कमान धरायला शिकंल." माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. माझ्यावर कुणाचा हक्क होता आणि किती वर्षं होता, याची त्या घरात एकदाही चर्चा झाली नाही. तीन मुली घरात असलेल्या माणसाला चौथी कशाला हवी?

अम्मानं आतून सांगितलं, न्हाई. एवढंच. तिच्या तोंडून मोठ्या दिराला न्हाई गेलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मग प्रकरण काझीसाबांकडं गेलं.

काझीसाबांनी मसला, म्हणजे धर्माचा नियम, सांगितला. शरीयतीत मुलगा सात वर्षांचा होईतो आईचाच, तिच्याकडून कुणी नेऊ शकत नाही. सात झाली की बापाकडच्यांचा. बडे अब्बा म्हणाले, सात झालीच. चांदाच्या महिन्यांनी मोजली तर पुरी झाली होती, हे खरं. पण मास्तरांनी शाळेचा पट आणला. इंग्रजी तारखेनं सात व्हायला दोन महिने कमी होते. चांदाचं वर्ष लहान असतं, त्यामुळे हा घोळ. मास्तर म्हणाले सरकारी कागद खरा, काझीसाब म्हणाले दीनचा, म्हणजे धर्माचा, हिसाब खरा. दोघेही हट्टी. दोन दिवस हाच वाद. अम्मा या दोन महिन्यांवर जीव टांगून बसली होती. तिला वाटत होतं, दोन महिने मिळाले तर इद्दत संपेल, मग ती स्वतः काझीसाबांच्या घरी जाईल, त्यांच्या बायकोच्या पाया पडेल, काहीतरी करेल.

शेवटी ठरलं, जुम्म्याच्या नमाजीनंतर आमच्याच अंगणात बसायचं आणि निकाल लावायचा.

आदल्या दिवशी दुपारी अम्मानं काम बंद ठेवलं. घरात गिऱ्हाइकांच्या गाद्या वळकट्या करून ठेवलेल्या होत्या. त्यांतल्या तीन तिनं भिंतीला टेकवून ओळीत उभ्या केल्या. धाकट्याला म्हणाली, "ही जाडी वळकटी, हे बडे अब्बा. सगळ्यात मोटे. ह्ये काझीसाब. ह्ये मास्तर. आता ये दारातनं." धाकटा दारातून आला आणि वळकट्यांना सलाम करू लागला. आधी वयानं मोठा त्याला, मग उतरत्या क्रमानं. मान किती लववायची, हात कपाळापर्यंत कसा न्यायचा, सलाम केल्यावर लगेच पाठ फिरवायची नाही, सगळं. त्यानं पहिल्यांदा मास्तर-वळकटीला आधी केला, तेव्हा पंख्याचा दांडा बसला. दहा वेळा करून घेतलं. शेवटी सगळे सलाम झाले की त्यानं अम्माकडं यायचं आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवायचं, असं ठरलेलं होतं. ते तो न चुकता करायचा.

"कशाला गं येवढं?" मी विचारलं.

"त्यांनी बघावं," अम्मा म्हणाली. "आयनं पोर कसं वाडवलंय त्ये त्यांनी डोळ्यांनी बघावं. मग न्हेतील व्हय?"

तिच्याकडं वकील नव्हता, पट नव्हता, किताब नव्हती. तिच्याकडं एक नीट वाढवलेलं पोर होतं. तोच तिचा पुरावा होता आणि तो तिनं घासूनपुसून तयार ठेवला.

जुम्म्याला अंगण भरलं. बडे अब्बा आणि काझीसाब सतरंजीवर, मास्तरांना शेजारून आणलेली खुर्ची, बोळातले चारपाच पुरुष भिंतीला टेकून. आमच्या दाराला गोणपाटाचा पडदा. पडद्याआड अम्मा आणि मी. धाकट्याला शेजारणीकडं बसवलेलं, बोलावलं की आणायचं. पुन्हा तेच सुरू झालं, चांद का इंग्रजी, सात पुरी का अपुरी. उन्हं उतरायला लागली, लोक कंटाळले. तेव्हा मास्तरांना साक्षात्कार झाला.

"आपण मुलालाच ठरवू देऊ," ते म्हणाले. "तोंडी विचारायचं नाही. मूल भीतीनं काहीही सांगतं. त्याला अंगणात मोकळं सोडायचं. तो आपणहून आधी ज्याच्याकडं जाईल, त्याच्याकडं त्याचा नैसर्गिक ओढा आहे असं समजायचं. हा शास्त्रीय प्रयोग आहे."

काझीसाबांनी दाढीवरून हात फिरवला. शरीयतीत असला प्रयोग कुठं लिहिलाय, हे त्यांनी विचारायला हवं होतं. पण त्यांनाही घरी जायचं होतं. "बगा, ह्ये बरं हाय," ते म्हणाले. "खुदा पोराच्या मनात घालंल तसं. आधी ज्येच्याकडं, त्येच्याकडं." बडे अब्बाही कबूल झाले. अम्माला कुणी विचारलं नाही. पडदा जरा बाजूला करू, पोराला आई दिसू दे, एवढंसुद्धा एकाला सुचलं नाही. अंगणात तीन बापये उघडे बसलेले, आणि आई गोणपाटामागं. प्रयोग म्हणे!

माझ्या खांद्यावर अम्माचा हात होता. तो एकदम घट्ट झाला. तिला माझ्याआधी कळलं होतं. मग मलाही कळलं. मी तोंड उघडलं, तसा तिनं दुसरा हात माझ्या तोंडावर दाबला. मोठी माणसं बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही. मी तिच्या तळव्याला चावले. कडकडून चावले, रक्त आलं. तिनं हात काढला नाही. ती स्वतः एक हाक मारू शकत होती. एक हाक! धाकटा धावत पडद्यात घुसला असता. पण इद्दतीतल्या बाईनं परक्या पुरुषांत आवाज चढवायचा नाही, आणि तिला अजूनही वाटत होतं की आपण नीट वागलो तर ते नीट वागतील.

शेजारणीनं धाकट्याला अंगणात सोडलं. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. तो अंगणाच्या मधोमध थांबला. त्यानं सतरंजीकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं. मनात वळकट्या मांडल्या असणार. मग शिस्तीत पावलं टाकत गेला आणि बडे अब्बांसमोर मान लववून म्हणाला, "अस्सलामु अलैकुम."

बडे अब्बांनी त्याला उचलून मांडीवर घेतलं. भिंतीकडची माणसं "वा, वा" म्हणाली. मास्तर म्हणाले, "पाहा. निष्कर्ष स्पष्ट आहे."

धाकटा मांडीवरून उतरायला धडपडत होता. "सोडा की," तो म्हणाला, "अजून दोगं ऱ्हायल्यात."

"काय ऱ्हायलंय?"

"सलाम. काझीसाबांचा आन् मास्तरांचा. मग अम्माकडं जायाचंय."

हे सगळ्यांनी ऐकलं. मी शपथेवर सांगते, एकूण एकानं ऐकलं. आणि सगळे हसले. कौतुकानं हसले. काझीसाबांनी विचारलं, "कुनी शिकवलं रं येवढं?" तो म्हणाला, "अम्मानं." तेव्हा काझीसाब पडद्याकडं वळून भरल्या गळ्यानं म्हणाले, "वा बेटी. पोराला तरबियत द्यावी तर अशी. आय असावी तर अशी." आणि बडे अब्बांना म्हणाले, "घेऊन जावा. उद्याच्या गाडीनं निघा."

असा निकाल लागला. आईनं उत्तम वाढवलं, सबब मूल आईकडून काढून घ्यावं.

अम्मा त्या दिवशी रडली नाही. तिनं धाकट्याचे कपडे बांधले. तिच्या तळव्यावर माझ्या दातांची खूण होती, ती मरेपर्यंत गेली नाही. मी चावले, पण ओरडले नाही. हे मी स्वतःला माफ केलेलं नाही, आणि तिनं माझं तोंड दाबलं, हे तिलाही पुरतं माफ केलेलं नाही. दुनियेवरचा राग सोपा असतो. हा अवघड आहे.

पुढं मी हट्टानं शिकले, ट्रेनिंग कॉलेजात गेले, तेव्हा मानसशास्त्राचं पुस्तक सगळ्यांत आधी उघडलं. आई आणि दोष, ते प्रकरण होतं. पण त्याच्या पुढच्याच पानांवर होतं की लहान मूल अनोळखी प्रसंगात गोंधळलं की लावलेल्या सवयीनं वागतं, त्यावरून त्याच्या मनातलं काही ठरवू नये. मास्तरांनी पान उलटलंच नव्हतं. मग मी एका जाणत्या मौलवींना गाठून शरीयतीचं विचारलं. ते म्हणाले, मूल कुणाकडंही राहो, आईला भेटण्यापासून त्याला कुणी अडवू शकत नाही, तो तिचा हक्क आहे. आमच्या काझीसाबांना हे माहीत नसेल? चांगलं माहीत असणार. मशिदीत जन्नत आईच्या पायाखाली घालणाऱ्या माणसाला, ती आई आपल्या पायावर उभी राहिलेली बघायची नव्हती, एवढंच. मला ना किताबेचा राग आहे, ना शास्त्राचा. दोन्हींतलं सोयीचं तेवढं वेचून बाईच्या तोंडावर फेकणाऱ्यांचा आहे.

धाकटा औंधला वाढला. मिसरूड फुटल्यावर सांगलीला परत आला, तेव्हा तो अम्माला पाव्हण्यासारखा "अम्मा, बसा की" म्हणायचा. त्या मधल्या वर्षांत बडे अब्बांनी त्याला फक्त एकदा भेटीला आणलं होतं, पहिल्या रमजान ईदेला. दुसऱ्यांदा का आणलं नाही, ते सांगते.

ईदेच्या दुपारी टांगा बोळाच्या तोंडाशी थांबला. अम्माची इद्दत केव्हाच संपली होती, पण अंगणात काझीसाब आणि मास्तर शीरखुर्मा प्यायला येऊन बसले होते, म्हणून ती पडद्याआडच होती. धाकटा टांग्यातून उतरला. उंच झाला होता, वाळला होता, बोटांना कमानीचे घट्टे पडले होते. बडे अब्बा म्हणाले, "सलाम कर रं समद्यांना." त्यानं दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले. काझीसाबांनी हात पुढं केला, तो त्यांच्याकडं न बघता पुढं गेला. मास्तरांच्या खुर्चीजवळूनही तसाच गेला. मग पळतच पडद्यात शिरला, अम्मासमोर उभा राहिला, मान लववली आणि म्हणाला, "अस्सलामु अलैकुम." अम्मानं उत्तर दिलं. त्यानं पुन्हा केला. पुन्हा उत्तर. तिसऱ्यांदा केला, धापा टाकत.

"किती येळा रं?" अम्मा म्हणाली.

"पक्कं व्हावं म्हनून," तो म्हणाला. मग पडदा बाजूला करून अंगणात ओरडला, "म्या आदी अम्माला केलाय! आता हितंच ऱ्हानार!"

अंगणात कुणी हसलं नाही. बडे अब्बा काझीसाबांना म्हणाले, "बगितलंसा? येका मिन्टात आयनं बिगडवला."

संध्याकाळच्या गाडीनं ते त्याला घेऊन गेले.